भुलीआधीचा प्रश्न

“मी भूल देतो, भुलवत नाही,” हे त्यांचं लाडकं वाक्य. दिवसातून तीनदा तरी ठरलेलं. त्यांनी “मी भूल” एवढं म्हटलं की थिएटरमधल्या सिस्टर मागून “देतो, भुलवत नाही” असं पूर्ण करायच्या आणि मास्कच्या आड हसायच्या. त्यांना ते कळत नव्हतं असं नाही, पण वाक्य काही बंद झालं नाही. मीसुद्धा हसणाऱ्यांतलीच. पुढे एक दिवस ते वाक्य माझ्याच टाळक्यात येऊन बसलं, आणि मग हसू गेलं.

मी तेव्हा नुकतीच डॉक्टर होऊन नाशकातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात हाऊसमन म्हणून लागले होते. हाऊसमन हा शब्द ऐकायला भारदस्त. प्रत्यक्षात फॉर्म भरा, रक्त काढा, बोलणी खा. आणि ते तिथले भूलतज्ज्ञ. काटकुळे, उंच, पुढे किंचित वाकलेले. एप्रिलच्या उन्हात बाहेर डांबर वितळत असायचं आणि हे गृहस्थ थिएटरच्या गाऊनच्या आत बायकोनं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसलेले. “एसी काय हो, सर्जन लोकांना घाम येतो म्हणून असतो. मला नुसतं बसून बघायचं असतं. मला थंडी वाजते,” असं म्हणायचे. सहा वर्षांच्या पोरालाही ‘तुम्ही’ म्हणायचे. “काय साहेब, आज तुमच्या टॉन्सिलचं काय करायचं ठरलंय?” साहेब बिचारे रडायचं विसरून उत्तर शोधायला लागायचे.

तर तो प्रश्न. भूल देण्याआधी पेशंटच्या डोक्याशी उभं राहून ते विचारायचे, “आज तुमचं काय करणार आहेत?” पेशंटनं आपल्या शब्दांत सांगायचं. डॉक्टरांचे शब्द चालायचे नाहीत. कुणी इंग्रजी नाव फेकलं तर “म्हणजे काय?” हा पुढचा प्रश्न तयार. उत्तर येईपर्यंत सुई हलायची नाही. सर्जन हात धुऊन, ग्लोव्ह्ज घालून, हात छातीशी धरून ताटकळत उभे, आणि हे पेशंटशी गप्पा मारतायत. लिस्ट रोज लांबायची. आमचं जेवण रोज हुकायचं. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एकदा अंबडच्या एका कारखान्यातला कामगार आला होता, प्रेसमध्ये हात सापडलेला. दोन बोटं काढावी लागणार होती. सोबत ठेकेदाराचा माणूस, तोच सगळं बोलत होता, फॉर्मही तोच भरत होता. टेबलावर प्रश्न आला तेव्हा तो कामगार म्हणाला, “कंपनी सांगेल ते करा साहेब.”

“हात कंपनीचा का?”

“नाही.”

“मग कंपनीला कशाला विचारायचं? तुम्ही सांगा.”

तो माणूस पहिल्यांदाच आपल्या हाताकडे बघून हमसून रडला. हे तिथंच थांबले. त्याला दोन्ही बोटांबद्दल नीट सांगितलं, त्यानं मान हलवली, “काढा” म्हणाला, मग सुई टोचली. ठेकेदाराचा माणूस बाहेर बडबडत होता की एवढा वेळ का लागतोय म्हणून.

आता गंमत अशी की हा माणूस कट्टर नास्तिक. हॉस्पिटलच्या दारातच देऊळ, सकाळी आरती व्हायची, सगळा स्टाफ उभा राहायचा आणि हे बाजूच्या बाकावर पेपर वाचत बसायचे. पण देवांची इतकी नावं पाठ असलेला दुसरा नास्तिक मी पाहिला नाही! आकडे उलटे मोजा म्हटलं की आमचे निम्मे पेशंट गोंधळायचे. म्हणून ते म्हणायचे, “तुमच्या देवाचं नाव घ्या.” आणि पेशंट घाबरून तेही विसरला तर हेच आठवण करून द्यायचे. वणीची सप्तशृंगी, चंदनपुरीचा खंडोबा, मुसलमान पेशंट असला तर बिस्मिल्ला. सुरगाण्याकडून आलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी डोंगऱ्यादेवाची आठवण करून दिली तेव्हा तो टेबलावर उठून बसायचाच बाकी होता.

सिस्टर पेशंटच्या मनगटावरचे दोरे-गंडे कात्रीनं कापून टाकायच्या, निर्जंतुक राहावं म्हणून. त्यांनी ते बंद करवलं. “चिकटपट्टी लावा त्याच्यावर. आपल्याला दोरा दिसतो, त्याला त्याची आई दिसते.” एका जैन आजींनी विचारलं होतं, या कॅप्सूलचं टरफल कशाचं असतं? आम्ही हसलो. औषधाला कसला आलाय धर्म? त्यांनी मात्र कंपनीला फोन लावला, टरफल जनावरापासून करतात हे विचारून घेतलं आणि त्याच औषधाची गोळी शोधून आणवली. मी म्हटलं, “सर, तुम्ही तर मानत नाही हे काही.”

“नाही मानत. तिला वाटतं ते पाप माझ्या लेखी खोटं आहे. पण न सांगता दिलं असतं तर माझी लबाडी खरी झाली असती ना, डॉक्टर?”

आम्हा पोरासोरांना ‘अहो डॉक्टर’ म्हणणारे ते एकटेच होते. बाकी सगळ्यांसाठी आम्ही ‘ए, इकडे ये’.

हॉस्पिटलचे मुख्य सर्जन त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र. आम्ही त्यांना मोठे सर म्हणायचो. मोठे सर म्हणजे दुसरं टोक. कपाळावर गंध, सुरी हातात घेताना आधी ती कपाळाला लावणार, डोळे मिटून काहीतरी पुटपुटणार, मगच पहिला छेद. माणूस सोन्यासारखा. गरिबाचं ऑपरेशन करताना त्यांचा हात जरासुद्धा घाईत चालायचा नाही. दोघांची रोज दुपारी चहावर जुंपायची. “तुला वर कुणाला जाब द्यायचा नाही, म्हणून तुझं बरं चाललंय,” हे मोठे सर. “तुझ्या वरच्याला मराठी येत असेल तर त्यालाही विचार, फॉर्म वाचून कळतो का,” हे आमचे. आम्हाला वाटायचं ही नुसती करमणूक.

मग सुनीता आली.

येवल्याची. तिशी उलटलेली, दोन मुली. नवरा-बायको दोघं पैठणीच्या मागावर बसणारी. दोन वर्षं अंगावरून जात होतं, रक्त इतकं कमी झालं होतं की जिना चढताना भिंत धरायची. गर्भाशयात गाठी होत्या, बऱ्याच. आमच्याकडे बायका गर्भाशय म्हणत नाहीत, पिशवी म्हणतात. मोठ्या सरांनी तपासून ठरवलं, पिशवी काढावी. दोन बाटल्या रक्त चढवलं आणि तारीख दिली.

संमती घ्यायचं काम माझं. संध्याकाळी वॉर्डात गेले, अजून पाच पेशंट बाकी होते. फॉर्म पुढे केला. “पिशवीचं ऑपरेशन आहे. इथे सही करा.” ती फॉर्म हातात धरून बसली. शिकलेली होती सातवीपर्यंत, पण तो फॉर्म मला तरी कुठे धड कळत होता. तिनं विचारलं, “म्हंजे पिशवी साफ करनार ना ताई?”

आणि मी म्हटलं, “हो हो, सगळं साफ होऊन जाईल. काळजी करू नका.”

बायकांच्या भाषेत पिशवी साफ करणं म्हणजे खरवडून धुऊन काढणं, बस. पिशवी जागेवरच राहते. मला हे माहीत होतं! आमच्या वॉर्डात दिवसाला दहा वेळा तो शब्द कानावर पडायचा. पण त्या वेळी माझे कान पेशंटकडे आणि डोळे घड्याळाकडे होते. मी तिला धीर देत होते. तिनं आनंदानं सही केली. सासूनं मला हातावर साखरफुटाणे दिले आणि मी ते खातखात पुढच्या कॉटकडे गेले.

दुसऱ्या दिवशी ती टेबलावर. मोठे सर हात धुऊन तयार. हे डोक्याशी उभे.

“सुनीताबाई, आज तुमचं काय करणार आहेत?”

“पिशवी.”

“पिशवीचं काय?”

“साफ.”

त्यांनी हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. “साफ म्हणजे काय करणार?”

“आतलं समदं धुऊन काढत्यात ना? ह्या ताई म्हनल्या, सगळं साफ हुईल.” तिनं माझ्याकडे बघून हसून मान हलवली. “म्हंजे मंग पुढल्या वर्सी पोराचा इचार करता यील.”

“मी भूल देतो, भुलवत नाही” हे वाक्य त्या क्षणी माझ्या टाळक्यात येऊन बसलं; भुलवलं होतं मी.

त्यांनी तिला सांगितलं, सरळ. “फॉर्मवर पिशवी काढून टाकायची असं लिहिलंय. मग पाळी येणार नाही, मूलही होणार नाही.” ती ताडकन उठून बसली. गाऊन गच्च धरला आणि नुसतं “नाय, नाय, मला जाऊ द्या” एवढंच म्हणत राहिली.

मोठे सर भडकले. “अरे, रक्त चढवून आणलीय तिला! घरी जाऊन परत वाहायला लागलं तर? मी तिच्या भल्याचंच करतोय ना? देवाला काय उत्तर देऊ मी?”

“देवाला सवडीनं दे. आत्ता ही बाई टेबलावर बसून रडतेय.”

“भूल दे म्हणतो ना!”

“नाही देणार.” आवाज चढलेला नव्हता. स्वेटरच्या गळ्याशी हात नेऊन तो नीट केला आणि म्हणाले, “दुसऱ्या कुणाला बोलवायचं असेल तर बोलव. मी त्यालाही हेच सांगेन.”

मोठ्या सरांनी ग्लोव्ह्ज ओढून काढले, बादलीत टाकले आणि निघून गेले. जाताना विचारलं, “संमती कुणी घेतली होती?” मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, “ते मी बघतो.” मला वाटलं, वाचले. कसली वाचते! तासाभरानं मला वॉर्डात घेऊन गेले, सुनीताच्या कॉटशी उभी केली आणि म्हणाले, “काय चुकलं ते सांगा. मला नको, मोठ्या सरांना नको. यांना सांगा.”

मी सांगितलं. रडतच सांगितलं. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. म्हणाली, “जाऊ द्या ताई. तुमी तरी काय करनार, लय पेशंट असत्यात.” त्यापेक्षा तिनं माझ्या कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी फॉर्मच्या पाठीवर चित्र काढून तिला तिन्ही वाटा समजावल्या. गोळ्या घेऊन बघता येईल. नुसत्या गाठी काढता येतील, पिशवी राहील, पण गाठी पुन्हा येऊ शकतात. किंवा पिशवी काढायची. तिच्याकडून उलट वदवून घेतलं. घाई करू नका म्हणाले, गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. सासू तर त्यांच्या पायावर डोकं ठेवायला धावली. “देवमानूस हायेस बाबा तू! माझ्या घरचा वंश राखलास.” हे दोन पावलं मागे उडाले. “अहो मावशी, मी देव मानतच नाही, मला कशाला देव करता?”

गोष्ट इथे संपली असती तर मी ती पार्ट्यांमध्ये सांगत फिरले असते. पण पाच आठवड्यांनी सुनीता परत आली. आणखी पांढरी पडलेली. गोळ्यांनी काही फरक नव्हता. ओपीडीत आम्ही तिघं होतो, मोठे सर, हे आणि मी. सासू आणि नवरा मागे उभे.

खुर्चीत बसायच्या आधी ती म्हणाली, “पिशवी काढा.”

सासूनं तिथंच हंबरडा फोडला. “माझ्या लेकाचा वंश बुडवाया निघाली ही! समजावा कुनीतरी हिला!” नवरा फरशीकडे बघत म्हणाला, “आई म्हनती, नुसत्या गाठी काढा.”

आता ऐका. त्या भूलतज्ज्ञांनाही तसंच वाटत होतं. ते तिला म्हणाले, “सुनीताबाई, माझं मत विचाराल तर गाठीच काढून बघू. तुमचं वय आहे अजून.”

“पुन्ना येत्यात म्हनला व्हता ना तुमी?”

“येऊ शकतात.”

“मंग पुन्ना रक्त, पुन्ना ह्येच. डाक्टर, दोन वर्सं झाली. मागावरून उठले की आदी मागं वळून बघायचं, रेशमाला डाग लागला का. जेवताना त्येच, झोपताना त्येच. धाकटी इचारती, आई तू मरनार का? मला नाय आता जमायचं.”

आणि गंमत बघा, मागच्या वेळी सुरी घेऊन उभे असलेले मोठे सर आता “थांब” म्हणत होते. “आपण ऑपरेशन करून मोकळे होऊ रे. तिला त्याच घरात नांदायचंय. संसार मोडला तर?” हे काही खोटं नव्हतं. सासूकडे बघितलं की ते खोटं नाही हे दिसत होतं. मग मोठ्या सरांनी सासूला आणि नवऱ्याला बाहेर बसवलं आणि सुनीताला अगदी हळू आवाजात विचारलं, “मुलासाठी काही नवस बोलली होतीस का बाळ?”

“बोलले व्हते. वणीला.”

“मग देवीला विचारलंस?”

“इचारलं नाय. सांगितलं.” तिनं पदर सारखा केला. “मागच्या मंगळवारी जाऊन आले. म्हनलं, आई, पोरगा ऱ्हाऊ दे. मला ऱ्हाऊ दे. दोन दिल्यास तू, त्या दोघींना मी पायजे.”

मोठ्या सरांनी मग कागद पुढे ओढला. “याच्यावर मी काय बोलू? तारीख घे.”

संमती पुन्हा मीच घेतली. या वेळी फॉर्म बाजूला ठेवून आधी बोलले, साफ हा शब्द चुकूनही तोंडातून काढला नाही, आणि तिनं मला सगळं सांगून दाखवल्यावरच पेन दिलं. फॉर्मवर खाली एक ओळ छापलेली होती, ‘पतीची सही’. नवरा सही करेना. हे आले, खिशातलं पेन काढलं आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली. “कायद्याला हिची पुरते. ही ओळ कुणीतरी सवयीनं छापून ठेवलीय.” नवऱ्याला म्हणाले, “तुम्ही सही नका करू. रक्त देता का तेवढं सांगा.” त्यानं जरा विचार केला आणि बाही वर केली.

ऑपरेशनच्या सकाळी जिन्यात मी त्यांना म्हटलं, “सर, आता तर काळजी नाही. तिचीच सही आहे.”

ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. “सही म्हणजे आपली सुटका नव्हे हो! उद्या तिला पस्तावा झाला तर तो सही बघून थांबणार आहे का?” मग शांत होऊन म्हणाले, “मला अजूनही वाटतं, तिनं थांबायला हवं होतं. पण पोट तिचं आहे. माझं मत मी सांगितलं, तिनं ऐकलं, नाही पटलं. संपलं. आता माझं काम तिला नीट झोपवायचं आणि नीट उठवायचं.”

मागावर बसून बसून तिची पाठ इतकी आखडली होती की कण्यातली सुई बसेना, म्हणून पूर्ण भूल दिली. ऑपरेशन दोन तास चाललं. मोठ्या सरांचा हात नेहमीसारखाच, घाई नाही. पिशवी ट्रेमध्ये आली तेव्हा गाठींनी इतकी भरलेली होती की नुसत्या गाठी काढून काय उरलं असतं कोण जाणे. पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

तिला रिकव्हरीत हलवलं. ती अजून गुंगीत होती. सिस्टरना तिच्याजवळ बसवून हे एका मिनिटासाठी बाहेर आले, मीही मागोमाग. दारात सासू उकिडवी बसलेली, डोळे सुजलेले. यांना बघून उठली. मागच्या खेपेला यांच्याच पाया पडत होती.

“झालं का मनासारखं?”

“व्यवस्थित झालं, मावशी. ती बरी आहे.”

“तुला म्या देव म्हनले व्हते.” तिचा आवाज फाटला. “समदे सांगत्यात तू देव मानीत नाय. त्यो मोठा डाक्टर निदान देवाला भिऊन तरी ऱ्हातो. तू ह्ये पाप कुनापाशी फेडशील रे? कोन हाय तुला इचारनारं?”

मी त्यांच्याकडे बघितलं. रोज दुपारी मोठ्या सरांच्या देवाला निरुत्तर करणारा माणूस. तयार उत्तरं खिशात घेऊन फिरणारा. म्हातारीच्या प्रश्नाची त्यांनी टर उडवली नाही की तो टाळलाही नाही.

“ती आहे ना, मावशी,” ते म्हणाले. “आत्ता डोळे उघडेल. पहिला मीच दिसणार तिला.”

म्हातारीला ते पटलं की नाही मला माहीत नाही. ती पुन्हा भिंतीला टेकून बसली. हे आत गेले.

रिकव्हरीत सुनीताच्या पापण्या हलायला लागल्या होत्या. नाडीचा आवाज यंत्रातून येत होता. सिस्टरनी स्टूल पुढे सरकवलं, पण ते कॉटच्या कडेला उभेच राहिले, दोन्ही हात मागे बांधून, परीक्षेच्या हॉलमध्ये उभ्या केलेल्या पोरासारखे. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं. मग यांच्याकडे.

“काढली?”

“काढली.”

तिनं डोळे मिटले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. हे तसेच उभे. मग तिनं पुन्हा डोळे उघडले आणि त्यांना वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

“मंग उभे का असे?” ती जड जिभेनं म्हणाली. “बसा की.”

ते स्टूल ओढून बसले.